दोन मीटरचा रोबो पन्नास मीटरचा कसा होतो?

जपानच्या तोएई कंपनीची ‘हिमित्सु सेन्ताई गोरेंजर’ ही दूरचित्रवाणी मालिका ५ एप्रिल १९७५ रोजी सुरू झाली आणि रंगीत पोशाखातल्या पाच वीरांचा साचा पक्का झाला. महाकाय रोबो अशा मालिकांत आला तो १९७९च्या ‘बॅटल फीव्हर जे’पासून. १९९२च्या ‘क्योर्यू सेन्ताई झ्युरेंजर’मधली वीरांच्या आणि रोबोच्या लढायांची दृश्यं पुढच्याच वर्षी अमेरिकी ‘मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’मध्ये वापरली गेली. चेहरे शिरस्त्राणाखाली झाकलेले, त्यामुळे आत कोण आहे हे कळायचं कारणच नव्हतं. मोठी माणसं या मालिकांना बालिश म्हणून सोडून देतात. पण रोबोच्या लढाईत जे भौतिकशास्त्र राबवलेलं असतं, ते बारकाईनं पाहण्याजोगं आहे.

रोबोच्या पोशाखात माणूस असतो. पोशाखाची उंची साधारण २ मीटर आणि कथेतली ५० मीटर धरली, तर प्रमाण १:२५ होतं. आता ५० मीटर उंच इमारतीच्या माथ्यावरून वीट सुटली, तर जमिनीवर यायला तिला सुमारे ३.२ सेकंद लागतात. त्याच इमारतीच्या २ मीटरच्या प्रतिकृतीवरून सुटलेला तुकडा ०.६४ सेकंदात खाली येतो, म्हणजे पाचपट लवकर. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो आणि २५चं वर्गमूळ ५. म्हणून कॅमेरा सेकंदाला २४ऐवजी १२० चित्रं टिपतो आणि ती २४च्या गतीनं दाखवली जातात. ढिगारा मग भव्य इमारतीसारखा सावकाश कोसळतो.

यात नट पाचपट संथ दिसतो, म्हणून त्यानं चित्रीकरणात चपळाईनं हालायचं असतं. नेहमीच्या गतीनं चित्रीकरण करून नटानंच जडपणाचा अभिनय केला, तर पाय सावकाश उचलला जातो, पण पायाखालची धूळ झटकन खाली बसते. धूळ अभिनय करत नाही. एखादं दृश्य खोटं का वाटतंय हे शोधायचं असेल, तर रोबोकडे न पाहता त्याच्या पावलांकडे पाहावं.

सगळ्यात जास्त दमवतो तो प्रकाश. सेकंदाला १२० चित्रं म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला एक पंचमांश वेळ, आणि तेवढाच उजेड. त्यात दुसरी अडचण येते. खरी शहरं आपण दुरून पाहतो, त्यामुळे जवळचं-लांबचं सारं स्पष्ट दिसतं. प्रतिकृतीजवळ कॅमेरा नेला की एकच इमारत स्पष्ट येते, मागची पुसट होते आणि हे खेळणं आहे हे डोळ्याला लगेच कळतं. भिंगाचं छिद्र बारीक केलं की जवळचं-लांबचं एकत्र स्पष्ट येतं. पण ते एफ/४वरून एफ/१६पर्यंत (आकडा मोठा, तेवढं छिद्र लहान) बारीक करायचं, तर उजेड आणखी सोळा पटींनी घटतो. पाच गुणिले सोळा, म्हणजे ऐंशी पट प्रकाश हवा! स्टुडिओतल्या दिव्यांनी एवढा उजेड पाडायचा तर उष्णता आणि खर्च दोन्ही वाढतात. म्हणून प्रतिकृतींचं शहर उघड्यावर, उन्हात मांडणं हा मला सगळ्यात सुंदर उपाय वाटतो. ऊन भरपूर मिळतं, सावल्या एकाच दिशेला पडतात आणि मागे खरं आकाश असतं. कॅमेरा मात्र जमिनीला टेकवावा लागतो. माणसाचे डोळे १.६ मीटरवर असतील, तर या शहरात ते साडेसहा सेंटिमीटरवर आले.

आग आणि पाणी एवढ्यानं ऐकत नाहीत. ज्वाळेचं फडफडणं तिच्या रुंदीच्या वर्गमुळानं मंदावतं, म्हणून तो ताल संथ चित्रणात जुळतो. पण मोठ्या आगीतली बारीक वेटोळी छोट्या ज्वाळेत तयारच होत नाहीत. पाण्याचं त्याहून अवघड. पृष्ठताणामुळे थेंब हवे तेवढे लहान होत नाहीत. प्रतिकृतीवर उडालेला ४ मिलिमीटरचा थेंब पडद्यावर १० सेंटिमीटरचा गोळा दिसतो.

घरी करून पाहायचं तर २० सेंटिमीटरचा रोबो आणि सेकंदाला २४० चित्रं टिपणारा फोन पुरे. ते चित्रण ३०च्या गतीनं दाखवलं की आठपट संथ होतं. आठाचा वर्ग ६४, म्हणजे रोबो सुमारे १३ मीटरचा भासेल. फोन उलटा धरून भिंग जमिनीपासून अडीच सेंटिमीटरवर आणावं. धुळीसाठी चाळलेली मुलतानी माती घ्यावी. पीठ वापरू नये. त्याच्या गुठळ्या होतात आणि हवेत उडालेलं पीठ ज्योतीजवळ भडकू शकतं. भिंत पातळ प्लॅस्टरची ओतून मागून आधीच चरे पाडावेत, नाहीतर ती एकाच मोठ्या तुकड्यात आडवी होते. घरातले दिवे टाळावेत. विजेच्या प्रवाहाबरोबर ते सेकंदाला शंभर किंवा एकशेवीस वेळा लुकलुकतात. एरवी ते जाणवत नाही, पण या गतीच्या चित्रणात सगळं दृश्य उघडझाप करू लागतं.