मज्जातंतूवेदनेची औषधे आणि हृदयाची अनियमित लय

मधुमेहात तळपायांची होणारी आग, नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी ठसठस, मणक्यात नस दबून पायात उतरणारी कळ ही मज्जातंतूंची दुखणी. पॅरासिटामॉलसारख्या वेदनाशामकांना ती फारशी दाद देत नाहीत. म्हणून मुळात आकडी किंवा नैराश्यासाठी निघालेली औषधे यांवर वापरतात. यांतली काही औषधे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात.

मज्जातंतू आणि हृदयस्नायू या दोघांतही विद्युत्‌संदेश उमटतो तो पेशीत सोडियम शिरल्यामुळे. ही वाट अडवणारे लिडोकेन दात काढताना हिरडी बधिर करते आणि शिरेतून दिल्यास जवनिकांची (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची) बेताल धडधडही आटोक्यात आणते. मात्र वाट अडवणे हृदयाला दरवेळी मानवतेच असे नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना अशाच प्रकारची फ्लेकेनाइड व एन्केनाइड ही लयनियंत्रक औषधे दिल्यावर मृत्यू घटण्याऐवजी वाढले, असे अमेरिकेतील ‘कास्ट’ चाचणीत १९८९ मध्ये आढळले.

ॲमिट्रिप्टिलीन आणि नॉरट्रिप्टिलीन या नैराश्यावरच्या जुन्या, स्वस्त गोळ्यांबाबत सर्वांत जास्त सावध राहावे लागते. त्या सोडियमची वाट अडवतात, नाडीचा वेग वाढवतात, ईसीजीतील क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विद्युत्‌दृष्ट्या पूर्ववत होण्यास लागणारा वेळ) लांबवतात. नुकताच झटका येऊन गेला असेल किंवा हार्ट ब्लॉक असेल (रक्तवाहिनीतला अडथळा नव्हे, विद्युत्‌संदेशाचा), तर त्या टाळतात. भारतात मेख अशी की प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन या आकडीवरच्या औषधांबरोबर नॉरट्रिप्टिलीन एकाच गोळीत मिळते. नावापुढे ‘एनटी’ ही अक्षरे असतात, पण ‘नसांची गोळी’ म्हणून ती घेणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता नसतो. घटकांची ओळ वाचावी ती इथे.

नुसते गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन कॅल्शियम वाहिन्यांच्या एका उपघटकाला चिकटते; लयीच्या दृष्टीने ते सहसा अधिक सोयीचे मानले जाते. तरी प्रीगॅबालिनने पायांवर सूज येते, त्यामुळे हृदय कमकुवत असल्यास जपून देतात. दोन्ही औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून क्रिॲटिनिन वाढलेले असल्यास मात्रा कमी करावी लागते.

ड्युलोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाने रक्तदाब थोडा वाढतो. ते यकृतातील एक विकर रोखत असल्याने नाडी मंद करणारे मेटोप्रोलॉल व फ्लेकेनाइड यांची रक्तातील पातळी चढते. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाची शक्यता वाढते. चेहऱ्यातील सणकेवरच्या कार्बामॅझेपिनचा परिणाम उलट आहे: ते वॉरफॅरिन, ॲपिक्झाबॅन, रिव्हारॉक्झाबॅन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा निचरा वेगाने करते. ॲट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या बेताल थरथरीच्या) रुग्णात त्यामुळे गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका राहतो. हार्ट ब्लॉकमध्येही ते देत नाहीत.

दुखणे थोड्या भागापुरते असेल, तर लिडोकेनची पट्टी हा पर्याय असतो. त्वचेतून रक्तात फारच थोडे औषध उतरते. चालू गोळी मात्र एकदम सोडत नाहीत, डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.