'मॉडलिन' हा शब्द आणि मग्दालीया मरीयेचे अश्रू

इंग्रजीत रडव्या, अतिभावुक वृत्तीला 'मॉडलिन' म्हणतात. बायबलमधील मग्दालीया मरीया ही पश्चात्तापाने रडणारी पापी स्त्री होती, म्हणून तिच्या नावावरून हा शब्द आला, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते.

यातील व्युत्पत्ती खरी आहे. मग्दालीन हे नाव फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना त्यातला 'ग' लोपला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील तिच्या नावाच्या महाविद्यालयांचा उच्चार आजही 'मॉडलिन' असाच होतो. चित्रकार तिला डबडबलेल्या डोळ्यांनी रंगवीत आणि त्यावरूनच सतराव्या शतकात या विशेषणाला आजचा अर्थ मिळाला.

चूक आहे ती 'पापी स्त्री' या भागात. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) सातवा अध्याय उघडून पाहावा: येशूचे पाय अश्रूंनी भिजवणाऱ्या स्त्रीचे नाव तेथे दिलेलेच नाही. मरीयेचा उल्लेख येतो तो पुढच्या, आठव्या अध्यायात, आणि तोही सात भुतांपासून मुक्त झालेली अनुयायी म्हणून. या दोघी एकच, असे इ.स. 591 च्या सुमारास रोममधील पोपच्या प्रवचनात सांगितले गेले आणि पश्चिमेकडील चर्चमध्ये तेच रूढ झाले. पूर्वेकडील चर्चने मात्र दोघींना वेगळेच मानले. पश्चिमेकडे हेच रूढ झाल्यामुळे हा समज बाळगणाऱ्यांना दोष देता येत नाही.

मरीया रडली होती, हेही खरेच. योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात ती येशूच्या रिकाम्या कबरेबाहेर रडत उभी आहे, पण ते अश्रू पश्चात्तापाचे नसून वियोगाचे आहेत, आणि त्यांत अतिरेकी असे काहीही नाही.