राइड-ऑन मोअर घेण्यापूर्वी: मोठं आवार असलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, की आमच्या दुकानातला फोन खाली ठेवता येत नाही. फार्महाऊसचे मालक, शाळांचे विश्वस्त, रिसॉर्टचे मॅनेजर, आंब्याच्या बागा असलेले बागायतदार विचारतात, ‘दोन-तीन एकराचं आवार आहे, बसून चालवायचं ग्रास कटिंग मशीन कोणतं घेऊ?’ त्यावर आम्ही कंपनीचं नाव लगेच सांगत नाही, आधी जमिनीची चौकशी करतो. लाखांतली खरेदी आहे, आणि जमिनीला न मानवणारं चांगलं मशीनसुद्धा दोन पावसाळ्यांत शेडमध्ये पडून राहतं.

कापायचे गुंठे मोजा

सातबाऱ्यावरच्या पूर्ण क्षेत्रावर जाऊ नका. सातबाऱ्यावरचा १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १ गुंठाच. त्यातून घर, गाडीवाट, विहीर, शेततळं, झाडांची आळी वजा करा. उरलेलं लॉन १५-२० गुंठ्यांच्या आत असेल, तर मागून चालत न्यायचं सेल्फ-प्रोपेल्ड (स्वतःच्या इंजिनवर पुढे सरकणारं) मशीन पुरतं. आम्हीही तेच सुचवतो, जरी त्यात आमची विक्री लहान होत असली तरी.

त्याहून मोठं असेल तर वेळेचा हिशेब करा. डेक म्हणजे मशीनखालचं पात्यांचं कव्हर; ४२ इंची डेक म्हणजे एका फेरीत साडेतीन फुटांचा पट्टा. ताशी ४ किलोमीटरने चाललं तर कागदावर तासाला एकरभर होतं; पण वळणं, झाडांभोवतीच्या फेऱ्या आणि एकमेकांवर चढणारे पट्टे धरून पाचवा हिस्सा कमी करा. हाती तासाला ३३-३४ गुंठे येतात. तीन एकरांना साडेतीन तास. पावसाळ्यात गवत दर आठ-दहा दिवसांनी कापावं लागतं, तेव्हा हे साडेतीन तास तुमचा माळी देणार आहे का, हे आत्ताच त्याच्याशी बोलून घ्या. मोठा डेक घेऊन वेळ वाचतो, पण फाटक आणि झाडांमधलं अंतर मोजल्याशिवाय तो घेऊ नका. बाजूने गवत फेकणारं तोंड धरून मशीनची रुंदी डेकपेक्षा फूटभराच्या आसपास वाढते.

लॉन आहे की रान?

हा प्रश्न विक्रेते सहसा विचारत नाहीत. राइड-ऑन हे नेमाने कापल्या जाणाऱ्या गवताचं मशीन आहे: हरळी, सिलेक्शन वन, मेक्सिकन कार्पेट किंवा वेळच्या वेळी खाली ठेवलेलं साधं गावठी गवत. ऑगस्टमध्ये कमरेएवढी वाढलेली कुसळी, टाकळा आणि गाजरगवत यांत ते घालू नये. ओलं लांब गवत पात्यांच्या दांड्याला गुंडाळतं, बेल्ट घसरून जळतो, आणि आत दडलेला दगड दिसत नाही. तसं रान आधी ब्रशकटरने (खांद्याला अडकवून चालवायचं गवत कापायचं यंत्र) खाली आणायचं आणि मग मशीन फिरवायचं. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापावा, म्हणजे गवतही तजेलदार राहतं आणि इंजिनही.

तुमच्याकडे आधीच मिनी ट्रॅक्टर असेल आणि गवत रानटीच राहणार असेल, तर त्याच्या पीटीओला (ट्रॅक्टरच्या इंजिनची ताकद अवजाराला देणारा दांडा) लागणारा स्लॅशर, म्हणजे रान कापायचं अवजार घ्या. राइड-ऑनवर खर्च करू नका.

उतार मोजायची सोपी रीत

मुळशी, कर्जत, अलिबाग, दापोली या भागांतल्या आवारांत उतार असतोच, आणि बसून चालवायच्या मशीनचे सगळ्यांत वाईट अपघात उतारावर उलटून होतात. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत १५ अंशांची मर्यादा दिलेली असते. अंश डोळ्यांनी कळत नाहीत, म्हणून गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल पाइप घ्या. उताराच्या वरच्या बाजूला एक काठी रोवा, आडव्या रेषेत बरोबर १० फुटांवर खाली दुसरी. दोन्ही काठ्यांवर पाण्याची पातळी खूण करा आणि खुणेपासून जमिनीपर्यंत मोजा. दोन मापांतला फरक अडीच फुटांच्या वर गेला, की तुम्ही मर्यादेवर आलात. ही मोजणी सगळ्यांत तीव्र जागी करा, सरासरी काढू नका. त्या पट्ट्यावर ब्रशकटरच चालवायचा किंवा तिथे गवताऐवजी झुडपं लावायची.

लॉन ट्रॅक्टर, म्हणजे स्टिअरिंगने पुढची चाकं वळवणारं राइड-ऑन, उतारावर वर-खालीच चालवा, आडवा कधीही नाही. वळायचं ते सपाटीवर. झिरो-टर्न मशीन (मागच्या दोन चाकांच्या वेगातल्या फरकाने जागच्या जागी वळणारं राइड-ऑन) झाडांच्या रांगांत फार हलकेपणाने वळतं आणि सपाट कलमांच्या बागेत आम्हाला ते मनापासून आवडतं, पण त्याची पुढची चाकं नुसती फिरती असतात. ओल्या उतारावर मागची चाकं घसरली की दिशाही हातातून जाते. कोकणातल्या उताराच्या बागेला आम्ही ते देत नाही. काळ्या मातीच्या आवारात मात्र उतार नसला तरी वाफसा येईपर्यंत थांबाच. ओल्या काळ्या मातीत चाकांच्या चाऱ्या पडतात आणि त्या हिवाळ्यात दगडासारख्या घट्ट होतात.

मशीन टिकतं कशामुळे

जाहिरातीत हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरांत असते. आम्ही आधी इंजिनमध्ये ऑइल पंप आणि बाहेरून बदलता येणारा ऑइल फिल्टर आहे का ते पाहतो. नुसतं ऑइल उडवून वंगण पोचवणारं साधं इंजिन तिरप्या जागेवर लवकर झिजतं. सिलिंडरला आतून बिडाची स्लीव्ह आहे का, हेही विचारा. या दोन गोष्टी असतील, तर दोन हॉर्सपॉवर कमी असल्याने काही बिघडत नाही.

गिअरबॉक्स हायड्रोस्टॅटिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) असेल तर क्लच-गिअरची कटकट नसते, माळ्याला दोन दिवसांत हात बसतो. पण लहान मशीनमध्ये तो बरेचदा सीलबंद येतो आणि त्याचं ऑइल बदलायची सोय नसते. सपाट एकरभराला तो चालतो. चढ-उताराची तीन एकर असतील तर ऑइल बदलता येणारा गिअरबॉक्स मागा. जुनं मशीन घेत असाल तर थंड असताना बघून समाधान मानू नका. अर्धा तास चालवा, तापू द्या, मग चढावर न्या. ओढ कमी झाली किंवा चिरका आवाज आला, तर सौदा सोडा.

डेकखाली स्वतः वाकून पाहा. पातं हाताने वर-खाली हलवताना (इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली) दांड्यात खुळखुळ लागता कामा नये. पत्रा जाड हवा आणि पात्याच्या बेअरिंगच्या घराला ग्रीस पॉइंट असेल तर उत्तम. जांभ्याचे उंचवटे असलेल्या जमिनीत एकच ठोकर पातं वाकवते, जोराची असेल तर दांडाही. त्यामुळे पाऊस लागण्याआधी दगड वेचून घ्या आणि जे निघत नाहीत त्यांना चुन्याने खूण करा.

सीटखालचा स्विच तपासून घ्या: पाती फिरत असताना चालक उठला तर इंजिन बंद पडलंच पाहिजे. तो स्विच वायर जोडून बायपास केलेली मशीन्स आमच्याकडे दुरुस्तीला येतात. स्विच पूर्ववत केल्याशिवाय आम्ही ती परत देत नाही. मशीन चालू असताना लहान मुलं घरात असावीत. मांडीवर बसवून फेरी मारणं तर अजिबात नको.

पेट्रोल आणि आठ महिन्यांची विश्रांती

आमच्या वर्कशॉपमध्ये सप्टेंबरपेक्षा जूनमध्ये गर्दी जास्त असते, कारण मशीन बिघडतात ती उभी राहून. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि मोअरच्या अनेक इंजिनांच्या पुस्तिकांत परवानगी १० टक्क्यांचीच आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. दमट हवेत टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधून पाणी खाली बसतं, कार्बोरेटरच्या वाटीत गंज धरतो, बारीक जेट बुजतात. म्हणून ‘या पेट्रोलवर वॉरंटी राहील का’ हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, आमच्याकडूनही. कॅनमध्ये पंधरा दिवसांपुरतंच पेट्रोल ठेवा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

डेकखाली चिकटलेलं गवत खरवडून काढा, नाहीतर पत्रा आतून गंजतो. बॅटरी सोडवून घरात आणा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. सायलेन्सरच्या तोंडात कापड कोंबून लाल चिंधी बांधा, म्हणजे कुंभारीण माशी घर करत नाही आणि चालू करताना कापड काढायची आठवण राहते. उंदीर वायरिंग कुरतडतात, तेव्हा मशीनशेजारी धान्याची किंवा पेंडीची पोती ठेवू नका. नव्या इंजिनचं पहिलं ऑइल ५ ते ८ तासांत बदलायचं, पुढे पुस्तिकेप्रमाणे ५० ते १०० तासांनी. धुळीत काम असेल तर एअर फिल्टर त्याहून खूप आधी पाहायचा.

सुटे भाग

डेकचा बेल्ट तुटला तर तो किती दिवसांत मिळेल, हे पैसे देण्याआधी विचारा. परदेशातून मागवायला तीन आठवडे लागले, तर ऑगस्टमधलं गवत तेवढ्यात गुडघ्याच्या वर जातं. आम्ही विकलेल्या प्रत्येक मॉडेलचा बेल्ट, पात्यांचा जोड, फिल्टर आणि पात्याच्या दांड्याचं बेअरिंग पावसाळाभर दुकानात ठेवतो. ज्या मॉडेलचे हे भाग नियमित मिळत नाहीत, ते आम्ही विकणं बंद केलं आहे. जिथून घ्याल तिथे याच चार वस्तू काउंटरवर काढून दाखवायला सांगा.

येताना सातबाऱ्याची झेरॉक्स, फाटकाचं माप, १० फुटांवरच्या उताराचा आकडा आणि सध्याच्या गवताचा फोटो घेऊन या. शक्यतो मशीन चालवणाऱ्या माणसालाही बरोबर आणा. त्यानंतर डेमो तुमच्याच आवारात, सगळ्यांत अडचणीच्या कोपऱ्यात देऊ. त्यासाठी मे महिन्यात कळवलंत तर बरं, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर आमचे दोन्ही मेकॅनिक दुरुस्तीत अडकलेले असतात.