ट्रान्सफरच्या जागा येतात कुठून?

अमेरिकेत एका कॉलेजात वर्ष-दोन वर्षे शिकून दुसऱ्या, जास्त चुरशीच्या विद्यापीठात जाता येते. यालाच ट्रान्सफर म्हणतात. अर्ज करणारे बहुतेक जण सारे लक्ष स्वतःच्या गुणांवर ठेवतात. पण जागा किती आहेत, हे अर्ज येण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते आणि ते ठरवणारा इतिहास प्रत्येक संस्थेत वेगळा आहे.

या व्यवस्थेची मुळे इलिनॉय राज्यात सापडतात. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर पदवीची पहिली दोन वर्षे आणि नंतरची दोन वर्षे हे दोन वेगळे टप्पे मानत. त्यांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये जोलिएट येथे, तिथल्या हायस्कूलच्याच आधाराने, ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. पहिल्या तुकडीत ६ विद्यार्थी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कल्पना देशभर पसरली. १९४४ च्या जीआय बिल या कायद्यामुळे युद्धावरून परतलेल्या सैनिकांची फी सरकार भरू लागले, आणि १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी कम्युनिटी कॉलेजे, म्हणजे दोन वर्षांची स्थानिक सार्वजनिक कॉलेजे, काढण्याची शिफारस केली.

खरा पाया मात्र कॅलिफोर्निया राज्याच्या १९६० च्या मास्टर प्लॅन या उच्चशिक्षण आराखड्याने घातला. हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना राज्य कॉलेजे आणि कम्युनिटी कॉलेजे सर्वांना खुली, अशी वाटणी झाली. ही वाटणी बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून मोलाची तरतूद मागेच राहते: विद्यापीठात पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी ४० टक्के आणि शेवटच्या दोन वर्षांचे ६० टक्के असावेत, असे प्रमाण धरले गेले. म्हणजे तिसऱ्या वर्षी बाहेरून येणाऱ्यांसाठी जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या गेल्या. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कली आणि लॉस एंजेलिस या कॅम्पसना आजही कम्युनिटी कॉलेजांतून इतके विद्यार्थी पोचतात, त्याचे मूळ या गणितात आहे.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाण्याचा मार्ग आखीव आहे. कम्युनिटी कॉलेजात ६० सेमिस्टर युनिट (साधारण दोन वर्षांचा अभ्यास) पूर्ण करायची आणि ज्या विषयात जायचे त्याचे पायाभूत कोर्स आधीच संपवायचे. कोणत्या कॉलेजचा कोणता कोर्स कुठे धरला जातो, हे असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर दिसते. या विद्यापीठाचे पदवी शिक्षण देणाऱ्या ९ पैकी ६ कॅम्पस अटी पाळणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ती देत नाहीत. अर्जात ३५० शब्दांपर्यंतची चार उत्तरे लिहायची असतात आणि त्यांतले एक निवडलेल्या विषयाच्या तयारीबद्दल असावेच लागते. इथे चांगला सरासरी ग्रेड असूनही अर्ज फेटाळला जातो, तो बहुधा एखादा गणिताचा किंवा भौतिकशास्त्राचा कोर्स राहून गेल्यामुळे. राहिलेले कोर्स प्रवेशाआधीच्या वसंत सत्रापर्यंत (जानेवारी ते मे) संपायला हवेत. ते उन्हाळ्यावर ढकलणे धोक्याचे असते.

चुरशीच्या खासगी निवासी विद्यापीठांत असे कोणतेही प्रमाण नाही. तिथे पहिल्या वर्षाचे ९५ टक्क्यांहून जास्त विद्यार्थी दुसऱ्या वर्षी परततात, त्यामुळे वसतिगृहात जेमतेम काही खाटा रिकाम्या होतात. प्रिन्स्टनने १९९० नंतर ट्रान्सफर बंदच ठेवला होता. २०१८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हा १,४२९ अर्जांतून १३ जणांना प्रवेश देऊ केला गेला, आणि भर होता माजी सैनिक, कमी उत्पन्न गटातले व कम्युनिटी कॉलेजचे विद्यार्थी यांच्यावर. हार्वर्डने २००८ मध्ये निवासाची जागा अपुरी पडते म्हणून दोन वर्षे हा प्रवेश थांबवला. ज्यांचे गुण उत्तम होते, त्यांनाही त्या दोन वर्षांत वाट नव्हती.

कॉर्नेलचे चित्र वेगळे आहे. त्यातली शेती व कामगार-संबंध यांसारखी कॉलेजे न्यूयॉर्क राज्याच्या मदतीवर उभी आहेत. तिथे बाहेरून विद्यार्थी घेण्याची जुनी रीत असल्याने ट्रान्सफरची संख्या बरीच मोठी असते. कोलंबियानेही १९४७ मध्ये शिक्षणात खंड पडलेल्यांसाठी स्कूल ऑफ जनरल स्टडीज काढले आणि ते आजही त्याच कामाचे आहे. अशा संस्थांची माहिती काढण्यात घालवलेला वेळ निबंधाची दहावी आवृत्ती घासण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खासगी विद्यापीठांची मुदत साधारण १ ते १५ मार्च असते. कॉमन ॲप या अनेक विद्यापीठांच्या सामाईक अर्ज-संकेतस्थळावरच्या अर्जाला हायस्कूल व कॉलेज या दोन्हींचे ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक), प्राध्यापकांची शिफारसपत्रे, सध्याच्या कॉलेजने भरायचा कॉलेज रिपोर्ट आणि चालू सत्राचे ग्रेड सांगणारा मिड-टर्म रिपोर्ट जोडावा लागतो. शेवटचे दोन कागद कॉलेजच्या कार्यालयाकडून आणि प्राध्यापकांकडून भरून घ्यायचे असतात. अनेक अर्ज अडतात ते इथेच, म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच ते मागावेत. निबंधात सध्याच्या कॉलेजविषयी तक्रार मांडली तर अर्ज कमकुवत होतो. तिथे न मिळणारा कोणता अभ्यास नव्या ठिकाणी मिळेल, हे कोर्स आणि प्रयोगशाळेच्या पातळीवर सांगावे लागते.

प्रवेश मिळाल्यावरही क्रेडिटचा, म्हणजे आधी पूर्ण केलेले कोर्स पदवीत धरले जाण्याचा, प्रश्न उरतोच. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसच्या २०१७ च्या अहवालानुसार ट्रान्सफर करणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात. येलमध्ये पदवीच्या ३६ पैकी किमान १८ क्रेडिट तिथेच मिळवावी लागतात, म्हणजे आधी तीन वर्षे शिकून आलेल्याचेही किमान एक वर्ष बुडते. म्हणून होकार कळवण्यापूर्वी कोणते कोर्स धरले जाणार याचा लेखी तपशील मागावा. आर्थिक मदतीचे नियमही त्याच वेळी तपासावेत, कारण काही ठिकाणी ट्रान्सफरच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याइतकी हमी नसते.