घाट उतरणाऱ्या गाडीची वीज घेणार कोण?

कर्जतहून लोणावळ्याकडे निघालेल्या गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, कारण भोर घाटाचा चढ 37 मीटरला 1 मीटर इतका उभा आहे. पण मला या घाटात खरं नवल वाटतं ते उताराचं.

1000 टनांची गाडी साडेपाचशे मीटर खाली आली की सुमारे 1500 युनिट ऊर्जा मोकळी होते. नुसत्या ब्रेकवर गाडी आवरली, तर ही सगळी ऊर्जा चाकं आणि ब्रेकचे ठोकळे तापवते, आणि फार तापलेल्या ब्रेकची पकड ढिली पडते. म्हणून उतारावर मोटरलाच जनित्र करतात. चाकं मोटर फिरवतात, वीज तयार होते आणि ती करताना लागणारा जोर गाडीला मागे ओढून धरतो. ही युक्ती जुनीच. 1920 च्या दशकात याच घाटांसाठी आलेल्या 'खेकडा' इंजिनांतही ती होती.

वीज करणं सोपं, पण तिला गिऱ्हाईक लागतं. मुंबईकडची जुनी ओव्हरहेड वायर 1500 व्होल्ट डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची. सबस्टेशनातला रेक्टिफायर, म्हणजे आलेल्या विजेची डीसी करणारं यंत्र, वीज तारेत सोडतो, पण परत घेत नाही. त्यामुळे त्याच वेळी जवळपास एखादी गाडी चढत असेल, तरच उतरणारीची वीज कामी यायची. नसेल तर तारेतलं व्होल्टेज चढत जातं, आणि मग ती वीज इंजिनातल्या रेझिस्टरमध्ये, म्हणजे विजेची उष्णता करणाऱ्या भागात, जाळणं किंवा साध्या ब्रेकवर येणं, एवढंच उरतं. आताच्या 25,000 व्होल्ट एसीत, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेत, सबस्टेशनात असतो ट्रान्सफॉर्मर. त्यातून वीज दोन्ही दिशांनी जाते. इंजिनातला कन्व्हर्टर तारेतल्या विजेच्या तालात ताल मिळवून ती परत पाठवतो.

हाच पेच तुमच्या इमारतीच्या लिफ्टमध्येही आहे. रिकामी लिफ्ट वर जाते तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाला तिला तोलणारं वजन तिच्याहून जड असतं, म्हणजे मोटरच्या दृष्टीने तो उतारच. मोटरला वीज पुरवणाऱ्या साध्या ड्राइव्हच्या तोंडाशी डायोड असतात, ते वीज मागे जाऊ देत नाहीत. 415 व्होल्टच्या पुरवठ्यावर ड्राइव्हच्या आतल्या डीसी पट्टीचं, म्हणजे डीसी बसचं, एरवी 580 च्या आसपास असणारं व्होल्टेज मग 800 कडे धावतं आणि ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. ते टाळायला मशीन रूममध्ये रेझिस्टरची पेटी लावतात. चालू लिफ्टच्या या पेटीला हात लावू नका, चांगलीच तापलेली असते. काही ठिकाणी शेजारच्या लिफ्टच्या डीसी बस एकमेकींना जोडतात, म्हणजे एकीची वीज दुसरीला मिळते, घाटातल्या दोन गाड्यांसारखी.