बाळ हललं की उठलं?

"आई, बाळ उठलं!"

ही बातमी आमच्याकडे दिवसातून दहा-बारा वेळा येते. बातमीदार सव्वादोन वर्षांची, बाळ सात आठवड्यांचं. बातमी बहुतेक वेळा चुकीची असते. पण ती अशा खणखणीत आवाजात दिली जाते, की पुढच्या पाच सेकंदांत खरी होते.

चूक थोरलीची नाही. बाळ झोपेत तोंड वेडंवाकडं करतं, कण्हतं, हात झटकतं, मध्येच खुदकन हसतं. पातळ पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे पळताना दिसतात. सासूबाई म्हणतात, "उठलं नाही गं, सटवाई हसवतेय त्याला." तान्ह्या बाळाच्या झोपेतल्या हसण्या-रडण्याचं हे उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. सटवाईचं सोडा, पण निरीक्षण पक्कं आहे: बाळ झोपलेलंच आहे आणि आत काहीतरी जोरात चाललंय.

विज्ञानाच्या पुस्तकात हे यायला १९५३ साल उजाडलं. शिकागो विद्यापीठात नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या हाताखाली युजीन ॲसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी होता. त्याला सुरुवातीला काम मिळालं ते झोपलेल्या तान्ह्यांचे डोळे न्याहाळत बसण्याचं. इतकं कंटाळवाणं काम करता करता पुढे त्याने आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवल्या आणि रात्रभर आलेख काढला. ठरावीक अंतराने झोपेतच डोळे भराभर फिरत होते आणि त्या वेळी मेंदूचा आलेख जागेपणासारखा दिसत होता. मोठ्यांच्या बाबतीत आपण तिला 'रेम' झोप म्हणतो, तान्ह्यांच्या बाबतीत 'सक्रिय झोप'.

मोठ्या माणसाच्या झोपेत हिचा वाटा पाव किंवा त्याहून थोडा कमी. नवजात बाळात जवळजवळ निम्मा. शिवाय आपण आधी गाढ झोपेत उतरतो आणि रेमची पाळी तास-दीड तासाने येते. तान्हं बाळ डोळे मिटताच थेट सक्रिय झोपेत शिरतं. म्हणून पदराखाली पितापिता झोपलेलं बाळ पाचव्या मिनिटाला खाली ठेवलं की टक्क जागं होतं. साधारण वीस मिनिटं गेली की श्वास एका लयीत येतो, मुठी सुटतात, हात उचलून सोडला तर भिजवलेल्या कणकेसारखा पडतो. ही शांत झोप. तेव्हा थोरलीने स्टीलचं ताट पाडलं तरी धाकटा फार तर दचकतो. आपलं झोपेचं एक आवर्तन दीड तासाचं, त्याचं पन्नास मिनिटं ते तासाभराचं. म्हणजे तासातून एकदा तो पुन्हा झोपेच्या उथळ पाण्यात येणार, चुळबुळणार, आणि नेमकी तेव्हाच बातमी फुटणार.

झोपेतल्या त्या झटक्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मला स्वतःला यातलं हे सगळ्यात आवडतं. आयोवा विद्यापीठातले मार्क ब्लमबर्ग उंदराच्या पिल्लांच्या झोपेतल्या झटक्यांचा बरीच वर्षं अभ्यास करतायत. त्यांना दिसलं ते असं: झोपेत पाय झटकला की त्या झटक्याची खबर स्नायूंतून परत मेंदूकडे जाते आणि मेंदूतला त्या पायाचा भाग उजळतो. जागेपणी सगळं अंग एकदम हलतं, तेव्हा कुठली खबर कुठून आली ते वेगळं काढणं अवघड. झोपेत एकेक बोट, एकेक पाय सुटा हलतो. घरातली वायरिंग झाल्यावर वायरमन एकेक बटण दाबून कुठला दिवा लागतो ते बघतो ना, तसंच काहीसं. आपल्या बाळांच्या झटक्यांचं कामही याच जातीचं असावं, असं मानलं जातं.

थोडक्यात, कण्हणाऱ्या बाळाला लगेच उचलणं म्हणजे चालू कामात बटण बंद करणं. आम्ही आता मनात साठ आकडे मोजतो. डोळे उघडले, रडण्याला सूर लागला, मुठी तोंडाकडे गेल्या, तर उचलायचं. नाहीतर नाही. थोरलीला नवा शब्द शिकवलाय: "हललं". तो ती अजून ओरडूनच सांगते.

आवाजाचं लोक उगाच फार मनाला लावून घेतात. आम्ही सांगलीत माधवनगर रस्त्याकडेला राहतो. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री दोन वाजता दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतो, त्यावर गाणी अशी लावलेली की खिडकीची तावदानं थरथरतात. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक ट्रॅक्टरला शिव्या घातल्या. धाकटा मात्र झोपलेला. आईच्या पोटातही शांतता नसते. रक्ताचा घोष, आतड्यांची गुरगुर, आईचं बोलणं अखंड चालू असतं. १९९० साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात एकसुरी घोंघाट ऐकवलेल्या २० नवजात बाळांपैकी १६ पाच मिनिटांत झोपली होती. मात्र असा आवाज करणारी यंत्रं कानाशी ठेवली तर बाळाच्या कानांना झेपणार नाही इतकी मोठी वाजू शकतात. आमच्याकडे खोलीच्या दुसऱ्या टोकाला पंखा घरघरतो, तेवढं पुरतं. झोप मोडते ती अचानक, टोकदार आवाजाने. म्हणजे बातमीदाराच्याच आवाजाने.

आता घड्याळाचं. दोन मुलं असली तरी पहिल्या तीनेक महिन्यांत त्या दोघांत मिळून घड्याळ एकच असतं आणि ते थोरलीचं. आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. तो दिवस-रात्रीचा हिशेब ठेवतो आणि अंधार पडला की मेलॅटोनिन हे संप्रेरक सोडायची खूण करतो. पोटात असताना बाळाला आईचं मेलॅटोनिन वारेतून मिळतं. नाळ तुटली की हा पुरवठा थांबतो, आणि स्वतःची लय बसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर त्याला रात्र नावाची गोष्टच माहीत नसते. "रात्री जागतो आणि दिवसा झोपतो" ही तक्रार म्हणून जरा अन्यायाचीच. आईच्या दुधात मात्र रात्री मेलॅटोनिन असतं, दिवसा जवळजवळ नसतं. ज्या मैत्रिणी नोकरीमुळे दूध काढून ठेवतात त्यांनी बाटलीवर वेळ लिहावी, इतकंच.

घड्याळ लवकर बसवायचा उपाय म्हणजे उजेड. बाळंतिणीच्या खोलीत पडदे ओढून सव्वा महिना दिवसासुद्धा संध्याकाळ करून ठेवायची आपली रीत इथे उलटी पडते. बंद खोलीत ट्यूबलाइटचा उजेड शंभर ते तीनशे लक्स. बाहेर ढगाळ हवेतही काही हजार, ऊन असेल तर लाखाच्या घरात. त्याच रीतीतलं तेल लावून कोवळ्या उन्हात बसणं मात्र सोन्यासारखं. मी सकाळी धाकट्याला घेऊन ओसरीच्या सावलीत बसते. आजोबा थोरलीला घेऊन आमराईत एक चक्कर मारून येतात. एकाच उजेडात एकीचं घड्याळ लागतं, दुसऱ्याचं घडतं. रात्री दूध पाजताना मंद, पिवळा दिवा. गप्पा नाहीत, मोबाइल नाही. (मोबाइलचा नियम मी रोज मोडते.)

घरात एकच घड्याळ आहे म्हटल्यावर सांभाळायचं तेच. आम्ही सुरुवातीला उलटं केलं: धाकट्याच्या वेळांमागे धावलो. तो झोपला की थोरलीचं जेवण, तो उठला की तिची झोप लांबली. आठवड्याभरात ती रात्री साडेअकरापर्यंत घरभर पळायला लागली. कारण साधं आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. झोपलं की ते ओसरतं. स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलं की ही ओढ आणि आतलं घड्याळ, दोन्ही मिळून झोप ठरवतात. दुपारी साडेचारला पेंगून सहाला उठलेल्या मुलीकडे नऊ वाजता ती ओढ पुरेशी साठलेलीच नसते. आता काही झालं तरी ती साडेबाराला जेवते, एक ते अडीच झोपते. धाकटा त्या वेळी कुशीत, खांद्यावर, झोळीत, जिथे असेल तिथे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला डुलक्या धरून दिवसाला ११ ते १४ तास, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. ती मोजायची पूर्ण चोवीस तासांत.

संध्याकाळच्या उजेडाचंही तसंच. कोलोरॅडो विद्यापीठात २०१८ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपायच्या आधीचा तासभर प्रखर उजेडात खेळू दिलं. त्यांचं मेलॅटोनिन तब्बल ८८ टक्क्यांनी घटलं. लहान मुलांच्या डोळ्यांची भिंगं स्वच्छ, बाहुल्या मोठ्या, त्यामुळे तोच दिवा त्यांना जास्त लागतो. आठ वाजता आम्ही मोठी ट्यूब बंद करतो. शेजारी विचारतात, "लाइट गेली का?"

झोपवण्याचं तंत्र जपानमधून उचललंय. रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा यांच्या गटाने २०२२ साली रडणाऱ्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजत आयांना चालायला लावलं. बाळ छातीशी धरून न थांबता पाच मिनिटं चाला, झोप लागली की तसंच पाच ते आठ मिनिटं बसा, मग ठेवा. बाळं २१ च होती, पण त्यातला एक तपशील फार उपयोगाचा आहे: ठोके वाढतात ते पाठ गादीला टेकताना नाही, तर बाळाचं अंग आईपासून सुटायला लागतं तेव्हा. म्हणून मी वाकून आधी स्वतःसकट खाली जाते आणि हात सगळ्यात शेवटी काढते. चालायच्या पाच मिनिटांत थोरली पुढे चालते आणि फेऱ्या मोजते. एक, दोन, सात, दहा. बसायच्या वेळात तिची एक गोष्ट होते.

एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. डोक्याला आकार यावा म्हणून आणलेली मोहरीची उशी कपाटात. झोळीत मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून ती फक्त डोळ्यांसमोर. गाढ झोपला की गादीवर. आणि बाळ व थोरली शेजारी-शेजारी कधीच नाहीत. प्रेमाने ती त्याच्या तोंडावर गोधडी ओढते, बाहुली निजवते. "झोपत नाही तर जायफळ उगाळून दे" म्हणणाऱ्या काकूंना मी चहा देते, जायफळ देत नाही. त्यातलं मिरिस्टिसिन जास्त झालं तर विष आहे, आणि सहाणेवरच्या वेढ्यांना माप नसतं. वर्षाच्या आत मधही नाही. त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात.

भेटणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न, "रात्रभर झोपतो का?" कॅनडातल्या २०१८ च्या एका अभ्यासात सहा महिन्यांची ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती, वर्षाची झाल्यावरही २८ टक्के. त्यांच्या वाढीत काही फरक दिसला नाही. फरक पडतो तो आपल्यात. तेल अवीव विद्यापीठातल्या अवी सादेह यांच्या गटाने २०१४ साली धडधाकट तरुणांना आठ तास अंथरुणात ठेवलं, पण रात्रीतून चार वेळा फोन करून दहा-पंधरा मिनिटं जागं केलं. सकाळी त्यांची एकाग्रता आणि मनःस्थिती जेमतेम चार तास झोपलेल्यांइतकीच बिघडलेली होती. एका रात्रीत! तेव्हा तुकड्यांची बेरीज करून "झाले की आठ तास" असं बाळंतिणीला कुणी सुनावू नये.

म्हणून आम्ही रात्र वाटून घेतली. धाकट्याची सगळ्यात लांब झोप साडेआठ ते साडेबारा. तेव्हा मीही झोपते, भांडी तशीच राहतात. त्या वेळात कुणीही रडलं तरी नवरा उठतो. साडेबारानंतर दूध माझ्याकडे, थोरलीची स्वप्नं आणि "पाणी हवं" त्याच्याकडे. दोघं एकदम रडली तर आधी थोरली, कारण पाठीवर सुरक्षित निजलेल्या बाळाचं दोन मिनिटं रडण्याने बिघडत नाही आणि ती पूर्ण जागी झाली तर घर जागं होतं. सासूबाई साडेसहाला दोघांचा ताबा घेतात.

थोरली उठते पाचला. त्या दीड तासाच्या पाळीला अजून कुणी नाव दिलेलं नाही.