प्रत्यारोपणानंतरचा मधुमेह : पार्श्वभूमी

डिसेंबर १९५४ मध्ये बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले, तेव्हा या मधुमेहाचा प्रश्नच नव्हता; भाऊ एकसारखे जुळे असल्याने शरीराने नवा अवयव परका मानला नाही आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे लागली नाहीत. प्रश्न आला तो या औषधांबरोबर. १९६०च्या दशकाच्या आरंभी ॲझाथायोप्रिनच्या जोडीला स्टेरॉइड मोठ्या मात्रेत दिले जाऊ लागले, जुळे नसलेल्यांमध्येही मूत्रपिंड टिकू लागले, आणि त्यांतील काहींची साखर वाढत असल्याचे अमेरिकी शल्यचिकित्सक थॉमस स्टार्झल यांनी १९६४ मध्ये नोंदवले.

सायक्लोस्पोरिन आल्यावर स्टेरॉइडची मात्रा घटली, पण मधुमेह गेला नाही. हे औषध, आणि जपानमध्ये त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले टॅक्रोलिमस, कॅल्सिन्युरिन नावाचे विकर रोखतात. अवयव नाकारणाऱ्या पेशी त्यामुळे थंडावतात खऱ्या, परंतु हेच विकर स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींनाही लागत असल्याने इन्सुलिनचा स्राव कमी होतो. टॅक्रोलिमस अवयव अधिक चांगला राखते आणि मधुमेहही अधिक घडवते. सुरुवातीच्या काळातील चढ्या मात्रा पुढे उतरवल्या गेल्या, त्या काही अंशी याचमुळे.

हा मधुमेह किती जणांना होतो, याची जुनी आकडेवारी मात्र जपूनच वाचावी. इन्सुलिन घ्यावे लागले तरच मधुमेह, असे त्या काळातील अनेक अभ्यासांनी धरले होते. २००३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सर्वसाधारण मधुमेहाचेच निकष लागू केले: उपाशीपोटी १२६, किंवा ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वा अधिक. तरीही निसटण्याची वाट उरतेच, कारण सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे साखर दुपारनंतर चढते आणि पहाटेची तपासणी निर्दोष दिसू शकते. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सीही पहिल्या काही महिन्यांत फसवे ठरते, कारण रक्तक्षय आणि रक्त चढवणे यांमुळे ते खऱ्यापेक्षा कमी येऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत बहुतेकांची साखर वाढते, पुष्कळांची उतरतेही; म्हणून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञमताने प्रकृती व औषधांच्या मात्रा स्थिरावल्यावरच निदान करावे असे सुचवले. कित्येकांना मधुमेह शस्त्रक्रियेआधीपासूनच, न ओळखलेला, असतो. त्यामुळे ‘नव्याने उद्भवलेला’ हे विशेषणही या तज्ज्ञांनी वगळले. बेलाटासेप्ट हे औषध कॅल्सिन्युरिनला हात लावत नाही आणि साखरेच्या दृष्टीने सोयीचे आहे, मात्र त्यावर असताना पहिल्या वर्षात मूत्रपिंड नाकारले जाण्याचे तीव्र प्रसंग अधिक दिसले.